दशावतारी ते मेंढीकोट : पत्त्यांच्या डावाचा मागोवा

खडकी म्हटले की ५ नोव्हेंबर १८१७ ही तारीख आठवते. गणेशखिंडीच्या बाजूचे माळरान, बापू गोखल्यांची फौज, पर्वतीवरून लढाई पाहणारा दुसरा बाजीराव. त्या दिवसानंतर पुण्यातले राज्य बदलले. राज्य बदलते तेव्हा त्याच्याबरोबर बारीकसारीक गोष्टीही बदलतात, आणि त्यांची नोंद कुठल्याच तहनाम्यात होत नाही. माणसे फुरसतीत काय खेळतात, ही त्यांतली एक.

लढाईपूर्वीच्या मराठी मुलखात पत्ते म्हणजे गंजिफा. गोल पाने, हाताने रंगवलेली, एका डावाला ९६ किंवा १२०. लढाईनंतर खडकीला इंग्रजांची छावणी बसली. त्या छावणीतल्या फौजेचा पत्ता चौकोनी होता आणि तिच्या कॅटमध्ये ५२ पाने होती. युरोपीय पत्ते पोर्तुगीजांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर आधीच उतरले होते, पण देशावर त्यांचा अंमल बसला तो इंग्रजी अमदानीत. आज खडकी स्टेशनवरून लोणावळा लोकलमध्ये चढून मांडीवर वर्तमानपत्र पसरणारी चौकडी जो मेंढीकोट खेळते, त्याच्यात या दोन्ही घराण्यांचे रक्त आहे. ते कुठून कसे आले, हे शोधण्यासारखे आहे.

गंजिफाची हिंदुस्थानातली जुनी नोंद बाबराच्या आत्मचरित्रात सापडते. १५२७ साली त्याने सिंधमधल्या शाह हसनला गंजिफाचा संच पाठवला होता. पुढे अबुल फजलने 'ऐन-ए-अकबरी'त अकबराच्या दरबारातला डाव लिहून ठेवला : बारा रंग, प्रत्येक रंगाची बारा पाने, एकूण १४४. अश्वपती, गजपती, नरपती, गडपती, धनपती असे ते रंग. अकबराने त्यांत स्वतःच्या हाताने फेरफार केल्याचेही अबुल फजल सांगतो. पत्त्यांच्या डावात अधिकाराने केलेली ही एक सुधारणा लेखी मिळते, आणि विशेष असे की ती टिकली नाही. बादशहाचा १४४ पानांचा डाव दरबाराबाहेर रुजला नाही. लोकांत रुळला तो आठ रंगांचा, ९६ पानांचा मोगली गंजिफा. या मागोव्यात पुढेही हेच दिसेल. डावाची घडण वरून ठरवता येते, पण तो चालतो खेळणाऱ्यांच्या मर्जीने.

मोगली गंजिफाच्या आठ रंगांत एक गंमत आहे. चार रंगांत राजा आणि वजीर यांच्याखाली दहा, नऊ, आठ असा उतरता क्रम लागतो. उरलेल्या चार रंगांत राजा-वजिराखाली एक हे मोठे पान, मग दोन, मग तीन, आणि दहा सर्वांत हलके. म्हणजे हातात दश्शी आली तर ती कोणत्या रंगाची, यावर ती सरदार की शिपाई हे ठरणार. स्पेनमध्ये जन्मलेल्या ओंब्रे या जुन्या खेळातही काळ्या आणि लाल रंगांचे क्रम असेच परस्परविरुद्ध असत. खेळणाऱ्याला सतत सावध ठेवणारी ही युक्ती माणसांना फार जुन्या काळापासून आवडत आली आहे.

मराठी मुलखात हा डाव आला तेव्हा त्याचे दशावतारी रूप घडले. आठाचे दहा रंग झाले : मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध, कल्की. प्रत्येकाचा राजा आणि प्रधान, खाली एक ते दहा, एकूण १२० पाने. दरबारी नाण्यांच्या आणि तलवारींच्या जागी मासे, कासवे, वामनाचा कमंडलू, परशुरामाचा परशू आला. चित्रे बदलली, पण डावाचा सांगाडा मोगलीच राहिला. उलटसुलट क्रमाची युक्तीही राहिली. चार-चारऐवजी पाच-पाच अशी वाटणी झाली. पहिल्या पाच अवतारांत दश्शी वरची, नंतरच्या पाचांत एक्का वरचा. नवे रूप जुन्या रूपातले काय उचलते आणि काय टाकते, हे इतके स्वच्छ दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळते. मराठी माणसाने परक्या डावाचे देव बदलले, गणित तसेच ठेवले.

खेळायला बसत ते तिघे. प्रत्येकाला चाळीस पाने. दिवसा डाव असेल तर ज्याच्याकडे रामाचा राजा तो सुरुवात करी. रात्री असेल तर कृष्णाच्या राजाचा मान. भिडू कुणी कुणाचा नाही, ज्याचे हात त्याचे. आणि ज्याला आज आपण हुकूम म्हणतो तसा चढा रंगही नाही. गंजिफात हुकूम म्हणजे त्या त्या रंगातले अजून न पडलेले सर्वांत वरचे पान. राजा पडला की प्रधान हुकूम झाला, प्रधान पडला की दश्शी किंवा एक्का, ज्याचा जसा क्रम असेल तसा. म्हणजे दहा रंगांत कोणते पान या घटकेला हुकूम आहे, हे प्रत्येकाने डोक्यात धरायचे. समोरच्या दोघांच्या मिळून ऐंशी पानांचा हिशेब. हा डाव पूर्णपणे स्मरणशक्तीवर उभा होता. पाठांतराला मान असलेल्या समाजात तो इतका का रुजला, हे वेगळे सांगायला नको.

त्याची किंमतही होती. कापडाच्या थरांना चिंचोक्याची खळ लावून, त्यावर खडूचा आणि लाखेचा लेप देऊन, घोटून, एकेक पान रंगवायचे. सावंतवाडीच्या चितारी मंडळींनी ही कला अठराव्या शतकापासून सांभाळली. १२० पाने रंगवायला किती हात लागत असतील, किती दिवस जात असतील, याचा विचार केला की लक्षात येते की असा डाव घरोघरी असणे कठीण होते. दरबारी कलम वेगळे, बाजारी कलम वेगळे, अशी प्रतही होती. तरी बाजारी संचसुद्धा हातानेच रंगवावा लागे.

या ठिकाणी खडकी मध्ये येते. इंग्रजांच्या फौजेबरोबर आलेला ५२ पानांचा कॅट छापील होता. १८३१ साली लंडनच्या थॉमस डी ला रू यांनी पत्ते रंगीत छापण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि पत्ते स्वस्त होत गेले. १८७० च्या दशकात पानाच्या कोपऱ्यात आकडा आणि रंगाची खूण छापण्याची पद्धत रूढ झाली. गोष्ट दिसायला किरकोळ आहे, पण माझ्या मते पत्त्यांच्या इतिहासातली ती फार मोठी घटना आहे. कोपऱ्यात खूण आली आणि तेरा पाने एका हातात पंख्यासारखी धरून नुसत्या कडेवरून वाचता येऊ लागली. दुसरा हात मोकळा झाला. गंजिफाची चाळीस गोल पाने अशी धरता येत नाहीत. चालत्या गाडीत, कारखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत, ओट्यावर उकिडवे बसून खेळता येईल असा पत्ता या कोपऱ्याने दिला.

आणि त्याच काळात खडकीचे आयुष्य घड्याळाला बांधले गेले. १८५८ साली खंडाळा ते पुणे लोहमार्ग सुरू झाला. १८६९ साली खडकीचा दारूगोळा कारखाना उभा राहिला. भोंगा, पाळी, गाडीची वेळ. १२० पानांच्या डावाला लागणारी दुपार कामगाराकडे नव्हती. दशावतारी गंजिफा कुणी बंद केला नाही, त्याच्यावर बंदी आली नाही. त्याला लागणारा वेळ नाहीसा झाला.

फौजेबरोबर आलेला मुख्य खेळ व्हिस्ट. एडमंड हॉयलने १७४२ साली त्यावर पुस्तिका लिहिली, तेव्हापासून इंग्रजांचा तो प्रतिष्ठित खेळ. चार माणसे, समोरासमोर बसलेले दोन-दोन भिडू, प्रत्येकाला तेरा पाने, आणि वाटणाऱ्याचे शेवटचे पान उलटे करून त्याचा रंग तो चढा रंग. गंजिफाशी तुलना केली तर यात दोन मोठे फरक आहेत. एक, भिडू आला. आता डाव आपल्या स्मरणशक्तीएवढाच समोरच्या माणसाच्या मनात काय चालले आहे यावर अवलंबून झाला. दोन, एक अख्खा रंगच इतर तीन रंगांवर हुकमत गाजवू लागला. हुकमाच्या दुर्रीने परक्या रंगाचा एक्का मारता येतो, ही कल्पना गंजिफा खेळणाऱ्याला धक्कादायक वाटली असणार. तिथे हुकूम क्रमाने मिळे, पायरीपायरीने. इथे तो रंगाच्या जन्मावर मिळाला. मराठीने मात्र जुनाच शब्द या नव्या कल्पनेला दिला आणि पुढे चालली.

आपल्या लोकांनी व्हिस्ट जसाच्या तसा उचलला असता तर इथे थांबता आले असते. त्यांनी तो मोडून पुन्हा बांधला, आणि त्यातून मेंढीकोट निघाला. चार माणसे, दोन जोड्या, तेरा पाने, रंगाला रंग लावायचा, एवढे व्हिस्टचे. पण जिंकायचे ते हात मोजून नाही; चार दश्श्या, म्हणजे मेंढ्या, पकडून. तीन मेंढ्या आल्या की डाव आला, चारही आल्या की कोट. दोन-दोन झाल्या तर मग हात मोजायचे. तेराच्या तेरा हात ओढले तर त्याचा मान वेगळा. या एका बदलाने सगळा ताण बदलतो. व्हिस्टमध्ये प्रत्येक हाताची किंमत सारखी असते, मेंढीकोटात नऊ हात निव्वळ मशागतीचे आणि चार हात पिकाचे. एक्का हातात असून उपयोग नाही. त्याच्याखाली मेंढी पडायला हवी, आणि ती भिडूने टाकायला हवी. मग डोळ्यांच्या खुणा, खाकरणे, पान टाकताना जरा जोरात आपटणे, आणि त्यावरची भांडणे.

हुकूम ठरवण्याच्या रीती पाहिल्या तर लोकांची कल्पकता आणखी कळते. कट हुकमात सुरुवातीला चढा रंगच नसतो. ज्याच्याकडे मागितलेला रंग प्रथम संपतो, तो जे पान टाकेल त्याचा रंग हुकूम. बंद हुकमात एक जण आपले एक पान झाकून ठेवतो आणि कुणाचा तरी रंग तुटेपर्यंत ते उघडायचे नाही. व्हिस्टमध्ये हुकूम नशिबाने ठरे, सर्वांसमोर. इथे तो निवडीने ठरतो आणि काही काळ गुप्त राहतो. नशिबाचा भाग कमी, डावपेचाचा जास्त. ही सुधारणा कोणत्या क्लबने केली नाही, कुणाच्या नावावर नाही.

तिघेच जमले तर पाच-तीन-दोन. अठ्ठीपासून एक्क्यापर्यंतची अठ्ठावीस पाने आणि दोन सत्त्या, एकूण तीस, दहा-दहा वाटायची. एकाने पाच हात करायचे, एकाने तीन, वाटणाऱ्याने दोन. पाचवाला पहिल्या पाच पानांवरून हुकूम बोलतो. ज्याचे हात कमी पडतील त्याच्याकडून पुढच्या डावात पाने ओढायची. तिघांचा खेळ असमान करून तो न्याय्य करण्याची ही रीत मला फार हुशारीची वाटते. ओझे ज्याच्यावर जास्त, त्याच्याच हाती हुकूम.

कोकणात तीनशे चार आहे, आणि त्याचा वंश निराळा. सत्तीपासून वरची बत्तीस पाने. गुलाम तीस गुणांचा, नव्वी वीस, एक्का अकरा, दश्शी दहा, राजा तीन, राणी दोन, बाकी शून्य. एका रंगाचे शहात्तर, चार रंगांचे तीनशे चार. गुलाम आणि नव्वी राजाच्या वर बसवणारी ही उतरंड नेदरलँड्स आणि स्वित्झर्लंडकडच्या यास नावाच्या खेळाशी जुळते. त्यामुळे डच व्यापाऱ्यांच्या वाटेने तो हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवर आला असावा, असे पत्त्यांचे अभ्यासक मानतात. या खेळाचे पुढे सोपे रूप झाले. गुलामाला तीन, नव्वीला दोन, एक्क्याला आणि दश्शीला एक, म्हणजे एकूण अठ्ठावीस. शेवटच्या हाताचा एक गुण जोडून एकोणतीस. बेरीज सोपी करायची, पण कोणते पान कोणाच्या वर हे हलू द्यायचे नाही. शहात्तराचे सात झाले तरी गुलाम गादीवरून उतरला नाही.

इंग्रजांच्या घरात व्हिस्टची पुढची पिढी ब्रिज. त्याचा इतिहास सर्वत्र छापलेला असल्याने इथे थोडक्यात सांगतो. आधी एका भिडूची पाने टेबलावर उघडी आली, मग हुकमासाठी बोली आली. लिलावी ब्रिजची सुरुवात विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानातल्या इंग्रज अधिकाऱ्यांत झाली असे ब्रिजच्या इतिहासात सांगतात. १९२५ साली हॅरल्ड व्हँडरबिल्टने बोटीच्या प्रवासात गुणांची नवी पद्धत बसवली आणि आजचा काँट्रॅक्ट ब्रिज झाला. यात स्पर्धेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे : एकच वाटप अनेक टेबलांवर खेळवणे. चांगली पाने आली म्हणून कुणी जिंकत नाही. त्याच पानांवर दुसऱ्या टेबलावरच्या माणसापेक्षा जास्त केले तर जिंकतो. नशीब जवळजवळ खेळाबाहेर गेले. म्हणूनच २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ब्रिजला पदके होती आणि प्रणव बर्धन व शिबनाथ सरकार यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. तेव्हा बर्धन साठीचे होते. पत्त्यांना अजूनही टवाळखोरी समजणाऱ्या घरांत ही गोष्ट आवर्जून सांगावी.

नशीब किती आणि कौशल्य किती हा प्रश्न रमीच्या बाबतीत थेट कोर्टात गेला. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने के. सत्यनारायण खटल्यात रमी हा प्राधान्याने कौशल्याचा खेळ ठरवला, कारण पडलेली पाने लक्षात ठेवून हात जुळवावा लागतो. न्यायमूर्तींनी निकष म्हणून धरलेली गोष्ट पुन्हा स्मरणशक्तीच, गंजिफावाल्यांचीच. मोबाईलवर पैसे लावून खेळायची रमी ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद झाली. लग्नघरातल्या सतरंजीवरची तेरा पानांची रमी त्यामुळे कुठे गेली नाही.

आता मुलांकडे येऊ. नव्वदच्या दशकात पुण्यातल्या शाळांच्या मधल्या सुट्टीत कुस्तीगीरांची ट्रम्प कार्डे होती. उंची, वजन, छाती, जिंकलेल्या लढती. आकडा मोठा त्याचे पान. पण रँकमध्ये मात्र एक नंबर सर्वांत वरचा. काही सदरांत मोठा आकडा जिंकतो, एका सदरात लहान. दशावतारीतली पाच-पाच रंगांची उलटसुलट उतरंड शाळेच्या मैदानावर पुन्हा उगवली होती, आणि त्या मुलांपैकी कुणी गंजिफाचे नावही ऐकले नसेल.

त्याच सुमारास, १९९३ साली, अमेरिकेत रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाचा 'मॅजिक : द गॅदरिंग' बाजारात आला. प्रत्येकाने पाकिटे विकत घेऊन आपला कॅट आपणच रचायचा. सुरुवातीला नियम एवढाच की किमान चाळीस पाने हवीत. एकच पान कितीही वेळा घाला. लोकांनी लगेच जालीम पाने ढिगाने भरली आणि खेळ दोन-चार फेऱ्यांत संपू लागला. वर्षभरात नियम बदलले : किमान साठ पाने, एका पानाच्या चारच प्रती, काही पाने मर्यादित, काही बाद. १९९५ पासून फक्त अलीकडच्या संचांतली पाने चालणारा स्पर्धाप्रकार सुरू झाला. जुनी पाने ठराविक काळाने आपोआप बाहेर. पोकेमॉनचा खेळ १९९६ साली जपानमध्ये आला, तोही साठ पाने आणि चार प्रतींचा. गंजिफाला चार शतकांत जितके बदल पाहायला मिळाले, तितके या खेळांनी दहा वर्षांत पाहिले. कारण उघड आहे. इथे पाने विकणारी कंपनीच नियम करते, आणि नवी पाने विकली जावीत म्हणून जुनी बाद होणे तिला हवे असते. खेळणाऱ्यांच्या बाजूने एक चांगले घडले : प्रत्येक बदल तारखेसह लिहिला गेला. कोणते पान कधी बाद झाले, का झाले, हे आजही कुणालाही वाचता येते.

आपल्याकडे हेच नेमके नाही. सावंतवाडीत शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७० च्या दशकात पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराला गाठले नसते तर गंजिफा रंगवण्याची कलाही गेली असती. ती वाचली. राजवाड्यात आजही संच तयार होतात, देशोदेशींचे लोक विकत नेतात. पण विकत नेणाऱ्यांतले फार थोडे ते खेळतात. पान वाचले, डाव अडगळीत गेला. मुंबईत राहिलेले कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लेडन यांच्यासारख्यांनी संच जमवले, नियम टिपले, म्हणून १२० पानांचा तो डाव निदान कागदावर तरी मांडता येतो.

मेंढीकोटाला, पाच-तीन-दोनला, तीनशे चारला असा कुणी टिपणारा अजून पुरेसा मिळालेला नाही. प्रत्येक गावाचा, प्रत्येक वाड्याचा, प्रत्येक लोकलच्या डब्याचा नियम थोडा वेगळा आहे. कुठे बंद हुकूम उघडल्यावर त्याच हातात मारावाच लागतो, कुठे नाही. कुठे दोन-दोन मेंढ्यांवर डाव बाद, कुठे सात हातांवर निकाल. हे फरक म्हणजेच डावाचा इतिहास, आणि ते सगळे म्हाताऱ्या भिडूंच्या डोक्यात आहेत. खडकीपासून लोणावळ्यापर्यंतच्या डब्यातही आता चौघांपैकी दोघांच्या हातात पत्त्यांऐवजी फोन दिसतो.

म्हणून वाचकांना एक विनंती. या सुट्टीत घरातल्या सर्वांत जुन्या भिडूसमोर कॅट ठेवा आणि तुमच्याकडे कसा खेळतात ते विचारा. किती पाने, वाटायची कशी, हुकूम कोण बोलतो, कोट कधी धरायचा, भांडण झाले तर कोणाचे मानायचे. गावाचे नाव, कोणाकडून शिकलात ते, आणि साधारण कोणत्या साली, हे सगळे वहीत लिहा. एक डाव खेळून पाहा, म्हणजे लिहिलेले बरोबर आहे का ते कळेल. मग ती वही जपून ठेवा आणि तिची एक प्रत गावच्या वाचनालयात द्या.